श्रेय राजाचे, गुन्हा गुन्हेगाराचा

बडोद्याच्या मराठी घरांत एक मत इतके मुरले आहे की ते मत आहे, वस्तुस्थिती नव्हे, याचे भानच उरलेले नाही. नवरात्रात मुलगी मध्यरात्रीनंतर गरबा आटोपून स्कूटरवरून एकटी घरी येते, ती वर बसलेला माणूस खमक्या आहे म्हणून. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना हे आवर्जून ऐकवले जाते. आणि एखाद्या रात्री विपरीत घडलेच, तर त्या माणसाचे नाव बोलण्यातून हळूच गळून पडते. गुन्हा गुन्हेगाराने केला, मुख्यमंत्री काय प्रत्येक नाक्यावर काठी घेऊन उभा राहणार? मग ठरलेले वाक्य येते: कायदा आपले काम करील. पुण्या-मुंबईकडचे मत याहून निराळे नाही. तिथे फक्त पक्षांची नावे बदलतात.

या मताला हसून चालणार नाही. ते मांडणाऱ्यांत वकील आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, आणि त्यांचा युक्तिवाद कच्चा नाही. ते म्हणतात, दोष हा कृतीला आणि हेतूला चिकटतो. ज्याने वार केला तो दोषी, ज्याने करवला तोही दोषी. जो सचिवालयात बसला होता तो कसा? शिवाय तपास पोलिसांचा आणि निवाडा न्यायालयाचा. मंत्र्याने तपासात नाक खुपसू नये असा आग्रह आपणच धरतो. मग ज्या कामात त्याने हात घालायचा नाही त्याचा जाब त्यालाच कसा विचारायचा? जिथे मोठ्या नेत्यांवर थेट आरोप झाले तिथे ते सर्वोच्च न्यायालयात टिकले नाहीत, हाही त्यांचा मुद्दा. आणि अखेर, लोकशाहीत नेत्याचा न्याय मतदार करतो, तो त्याने वेळोवेळी केलेला आहे. या शेवटच्या मुद्द्यात सर्वांत जास्त वजन आहे, म्हणून त्याला शेवटीच हात घालतो.

पहिल्या मुद्द्याला फार शाई खर्चायला नको. गुन्हा घडण्याशी नेत्याचा संबंध नसेल, तर गुन्हा न घडण्याशीही तो नसला पाहिजे. एकाच माणसाने एकाच श्वासात दोन्ही सांगणे याला तर्कशास्त्रात वदतोव्याघात म्हणतात. ४ ऑक्टोबर २०२४ला, नवरात्राच्या दुसऱ्याच रात्री, शहराच्या कडेला भायली भागात एका अल्पवयीन मुलीवर सामूहिक बलात्कार झाला. पोलिसांनी काही दिवसांत आरोपी पकडले. ते काम चांगले झाले, ते नाकारण्याचे कारण नाही. पण आरोपी सापडले ते सरकारच्या तत्परतेमुळे आणि गुन्हा झाला तो नराधमांमुळे, ही वाटणी त्या आठवड्यात गावात किती सहज होऊन गेली! जमेच्या बाजूला सरकार, खर्चाच्या बाजूला नशीब. असा ताळेबंद एखाद्या पेढीच्या मुनीमजींनी मांडला असता तर शेटजींनी त्यांना दुसऱ्या दिवशी घरी बसवले असते.

दुसरा मुद्दा खरोखर तपासून पाहण्याजोगा आहे, आणि त्यासाठी बडोद्याबाहेर जायला नको. गुजरात दंगलींच्या काळात, १ मार्च २००२च्या रात्री, डभोई रस्त्याजवळच्या हनुमान टेकरी वस्तीत जमावाने बेस्ट बेकरी पेटवली. १४ माणसे मेली. त्यांत मालकाच्या घरातली माणसे होती, बायका आणि लहान मुले होती, जीव वाचवायला आत आलेले शेजारी होते, आणि बेकरीत राबणारे तीन हिंदू कामगारही होते. हल्ला रात्री सुरू झाला तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालला. नाक्यावरच्या काठीचा प्रश्न इथे लागूच पडत नाही. सुरा एका क्षणात खुपसला जातो, त्याला कोणताही राजा अडवू शकत नाही, हे कबूल. रात्रभर चाललेल्या आगीजवळ मात्र पोलीस ठाणे, नियंत्रण कक्ष, आयुक्तालय, गृहखाते अशी सगळी उतरंड जागी होऊन पोचेल इतका वेळ होता.

पण माझा भर त्या रात्रीवर नाही. त्या रात्रीबद्दल सांगितले जाते की शहरभर आग होती, पोलीस अपुरे होते, कुठे कुठे पोचणार? वादापुरते तेही मान्य करू. मे २००३मध्ये शहर शांत होते. बेकरीचा खटला द्रुतगती न्यायालयात चालू होता आणि ९ मेला सात जखमी साक्षीदारांपैकी चौघे उलटले. मुख्य साक्षीदाराची, वयाच्या विशीत नुकत्याच आलेल्या मुलीची, साक्ष व्हायची होती १७ मेला. मध्ये आठ दिवस होते. या आठ दिवसांत त्या मुलीला संरक्षण देण्यासाठी काहीही झाले नाही. सरकारी वकिलाने बंद दाराआड सुनावणीची मागणीसुद्धा केली नाही. १७ मेला तीही उलटली. २७ जूनला २१च्या २१ आरोपी सुटले. जुलैमध्ये ती मुंबईत येऊन म्हणाली की मी जिवाच्या भीतीने खोटे बोलले. साक्षीदारांना धमकावल्याचे आरोप एका स्थानिक आमदारावर झाले. त्याने ते नाकारले.

हे आठ दिवस मी कुठल्या कार्यकर्त्याच्या पत्रकातून घेतलेले नाहीत. न्या. दोराईस्वामी राजू आणि न्या. अरिजित पसायत यांच्या १२ एप्रिल २००४च्या निकालपत्रात ते आहेत. सरकारी वकील बचाव पक्षाच्या वकिलासारखा वागला, असे त्या निकालपत्राने नोंदवले. साक्षीदाराला संरक्षण देणे हे सरकार आणि सरकारी वकील या दोघांचेही कर्तव्य होते, असेही म्हटले. ‘कायदा आपले काम करील’ हे वाक्य इथे अडखळते. त्या आठ दिवसांत कायद्याने कोणाच्या हाताने काम करायचे होते? १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २४प्रमाणे सरकारी वकील राज्य सरकार नेमत असे. साक्षीदाराच्या दाराशी पोलीस बसवायचा की नाही हे गृहखात्याचे पोलीस ठरवतात. निर्दोष सुटकेविरुद्ध अपील करायचे की नाही हे कलम ३७८प्रमाणे राज्य सरकार ठरवत असे, आणि त्या काळी पीडिताला स्वतःहून अपील करण्याचा हक्कच नव्हता. तो मिळाला ३१ डिसेंबर २००९ला. म्हणजे ज्या बाईची माणसे जळाली तिच्या वतीने बोलण्याचा सगळा अधिकार सरकारने स्वतःकडे घेतला होता. अधिकार एवढा आणि जबाबदारी मात्र कायदा नावाच्या कुणा अदृश्य इसमाची!

सरकारने अपील केले, ते इतके ढिसाळ की सप्टेंबर २००३मध्ये सरन्यायाधीश व्ही. एन. खरे यांना भर न्यायालयात राज्य सरकारला राजधर्माची आठवण करून द्यावी लागली आणि गुन्हेगारांवर खटला चालवता येत नसेल तर खुर्ची सोडा, असे सांगावे लागले. २६ डिसेंबरला उच्च न्यायालयाने ते अपील फेटाळले. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने फेरखटल्याचा आदेश देऊन तो महाराष्ट्रात पाठवला, आणि सरकारी वकील नेमताना पीडितांना नाव सुचवण्याची मुभा ठेवली. माझगावच्या सत्र न्यायालयात न्या. अभय ठिपसे यांनी २४ फेब्रुवारी २००६ला १७ आरोपींपैकी ९ जणांना जन्मठेप दिली. २०१२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांतल्या पाच जणांना सोडले, चौघांची शिक्षा कायम केली. बडोद्यात अंधार आणि मुंबईत सूर्योदय असे हे चित्र नाही. मुख्य साक्षीदार मुंबईतही पुन्हा उलटली. निकाल मुख्यतः जखमी कामगारांच्या साक्षीवर उभा राहिला. पण घटना तीच, मेलेली माणसे तीच, दंडसंहिता तीच. बदलले ते खटला चालवणारे हात आणि साक्षीदारांच्या आसपासची हवा. एकीकडे शून्य, दुसरीकडे सर्व तपासण्यांतून टिकलेले चार. हा फरक न्यायाधीशांच्या स्वभावातला म्हणून सोडून देता येत नाही.

त्या मुलीचे पुढे काय झाले? ८ मार्च २००६ला सर्वोच्च न्यायालयाने तिला अवमानाबद्दल एक वर्षाची कैद आणि ५० हजार रुपये दंड दिला. न्यायालयाशी खोटे बोलण्याची सजा असलीच पाहिजे, याबद्दल वाद नाही. मात्र तिला उलटवले कुणी, हा प्रश्न कुठल्याही शिक्षेपर्यंत पोचला नाही. साऱ्या प्रकरणात जबाबदारी अखेर जिच्या गळ्यात पडली ती सगळ्यांत दुबळी व्यक्ती होती.

शिक्षा झाल्यावरही सरकारचा हात दूर होत नाही. त्याच दंगलींतला, दाहोद जिल्ह्यातल्या रंधिकपूरच्या बिल्किस बानो यांचा खटलाही मुंबईतच चालला होता. त्यातल्या ११ जन्मठेपेच्या कैद्यांना गुजरात सरकारने १५ ऑगस्ट २०२२ला मुदतीआधी सोडले. ८ जानेवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने ती माफी रद्द केली. शिक्षा ज्या राज्यात झाली त्या महाराष्ट्रालाच तो अधिकार होता, असे सांगितले. आता कोणी म्हणेल, चुकीच्या सरकारने सही केली, एवढेच ना? एवढेच. पण सही सरकारचीच होती, कायद्याची नव्हती.

मंत्र्याने तपासात ढवळाढवळ करू नये हा आग्रह आणि मंत्र्याला जाब विचारणे यांत विरोध दिसतो, तो देखरेख आणि हस्तक्षेप एकच मानल्यामुळे. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ हा जुन्या मुंबई राज्याचा कायदा. राज्ये वेगळी झाल्यावर महाराष्ट्राने आणि गुजरातने, दोघांनीही तो ठेवला, पुढे आपापले नाव दिले. बडोद्याच्या हवालदाराचा आणि साताऱ्याच्या हवालदाराचा मूळ कायदा आजही एकच. त्याचे चौथे कलम सांगते की पोलीस दलावरची देखरेख राज्य सरकारकडे राहील आणि अधिकाऱ्यांचे सगळे नियंत्रण त्या देखरेखीच्या अधीन असेल. अमक्याला पकड, तमक्याला सोड असा फोन मंत्र्याने करू नये. परंतु कोणत्या ठाण्यात कोण अधिकारी बसतो, तो तिथे किती दिवस टिकतो, न्यायवैद्यक प्रयोगशाळेत किती जागा रिकाम्या आहेत, सरकारी वकील गुणवत्तेवर नेमला जातो की पक्षाच्या वकील आघाडीतून, हे त्यानेच पाहायचे असते. दुसऱ्या कुणाकडे तो अधिकारच नाही.

२२ सप्टेंबर २००६ला प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ठाणेप्रमुखापासून महासंचालकापर्यंतच्या महत्त्वाच्या जागांना किमान दोन वर्षांची मुदत द्या, तपासाचे काम बंदोबस्तापासून वेगळे करा, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण नेमा. गुजरातने २००७मध्ये आणि महाराष्ट्राने २०१४मध्ये कायदा बदलला. बदल्यांच्या मोसमात मंत्रालयाच्या किंवा गांधीनगरच्या सचिवालयाच्या जिन्यावर जी वर्दळ असते, ती काही त्यामुळे थांबली नाही. इथे पूर्वपक्षाची खरी गोची आहे. पोलीस स्वतंत्र आहेत म्हणून मी जबाबदार नाही, असे म्हणणारा नेता पोलीस खरोखर स्वतंत्र करण्याची वेळ आली की हातची बदली सोडत नाही. यात काँग्रेस आणि भाजप, राष्ट्रवादी आणि शिवसेना असा भेद मला तरी करता आलेला नाही.

आता न्यायालयाने निर्दोष ठरवले या मुद्द्याकडे वळू. २००२च्या दंगलींमागे वरिष्ठ पातळीवर मोठा कट होता, ही तक्रार सर्वोच्च न्यायालयाने २४ जून २०२२ला फेटाळली आणि विशेष तपास पथकाचा अहवाल मान्य केला. तो निकाल इथे मी जसाच्या तसा स्वीकारतो. कट नव्हता. मग काय सिद्ध झाले? कट नव्हता, एवढेच. राजाने गुन्हा केला का आणि राजाने रक्षण केले का, हे दोन निराळे प्रश्न आहेत आणि आपल्या जुन्या लोकांना त्यांतला फरक आपल्याहून चांगला कळत होता.

चोराने नेलेले धन राजाने प्रजेला भरून द्यावे, असे याज्ञवल्क्य सांगतो, मनूही सांगतो. स्मृतिकारांना राजा चोरांना सामील आहे असा संशय होता म्हणून नव्हे. राजा उत्पन्नाचा सहावा भाग घेतो तो रक्षणाचा मोबदला म्हणून, आणि रक्षण झाले नाही तर मोबदला परत करायचा, हा साधा व्यवहार. चोर सापडला नाही ही राजाची अडचण आहे, प्रजेची नाही. म. म. पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा तिसरा खंड मुख्यतः राजधर्म आणि व्यवहार यांना वाहिलेला आहे. धर्मशास्त्राचा अभिमान बाळगणाऱ्या राज्यकर्त्यांनी तो एकदा चाळायला हरकत नाही.

हा नियम नुसता पोथीत राहिला नव्हता. पेशवाईत गावच्या जागल्या-रामोशावर चोरीचा भार असे. चोराच्या पावलांचे माप काडीने घेत घेत माग काढायचा. माग दुसऱ्या गावच्या शिवेत गेला की तिथल्या जागल्याच्या हवाली करायचा. ज्या शिवेत तो हरवला त्या गावाने भरपाईला तोंड द्यायचे. गुजरातेत हे काम पगी करत. एल्फिन्स्टनने १८१९मध्ये पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावर जो अहवाल लिहिला त्यात या पद्धतीची नोंद आहे. तिला सुवर्णयुग समजण्याचे कारण नाही. भरपाईचा बोजा बहुतेक वेळा गरीब रामोशाच्याच डोक्यावर येई. पण ‘चोरी मी केली नाही, सबब माझा संबंध नाही’ हे उत्तर तिथे कोणी ऐकून घेत नसे.

बडोद्याच्या इतिहासात तर याच प्रश्नावर एक गादी गेली. मल्हारराव गायकवाड १८७०मध्ये गादीवर आले. त्यांच्याआधीचे राजे खंडेराव यांचे कारभारी भाऊ शिंदे मल्हाररावांच्या कैदेत मेले, विषप्रयोगाची बोलवा झाली. कारभाराच्या तक्रारी वाढल्या म्हणून १८७३मध्ये कर्नल मीड यांचे चौकशी मंडळ बसले आणि कारभार सुधारायला १८७५च्या अखेरपर्यंतची मुदत मिळाली. त्यासाठीच दादाभाई नौरोजी १८७४मध्ये बडोद्याचे दिवाण झाले. मग ९ नोव्हेंबर १८७४ला रेसिडेंट कर्नल फेअरच्या सरबतात सोमल सापडला. मल्हाररावांवर आरोप आला, जानेवारीत त्यांना अटक झाली आणि सहा जणांच्या आयोगापुढे सुनावणी झाली. बचावाला खास विलायतेहून सार्जंट बॅलंटाइन आणले होते. तिघा इंग्रजांनी आरोप सिद्ध धरला. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग आणि सर दिनकरराव राजवाडे यांनी धरला नाही. मते तीन विरुद्ध तीन. एप्रिल १८७५मध्ये हिंदुस्थान सरकारने विषप्रयोगाचा आरोप बाजूला ठेवला आणि गैरकारभारासाठी मल्हाररावांना पदच्युत केले. त्यांना मद्रासला नेले, तिथेच १८८२मध्ये ते वारले.

यात इंग्रजांचा डाव होता यात शंका नाही. फेअर स्वतः इतका आडमुठा होता की सरकारलाच त्याला हलवावे लागले. आणि परक्याने आपला राजा काढावा याचा संताप महाराष्ट्रात उसळला तो योग्यच होता. एका पारड्यात हे सगळे टाकूनही दुसऱ्या पारड्यात काही उरते. त्या निर्णयाने दोन प्रश्नांची फारकत केली. खुनाचा प्रयत्न केला का, याला पुरावा लागतो आणि शंकेचा फायदा आरोपीला जातो. राज्य करायला लायक आहे का, याला वेगळी कसोटी लागते. आजचा पूर्वपक्ष ही फारकत मोडतो आणि फौजदारी न्यायालयातून सुटणे हीच राज्यकर्त्याची पात्रता ठरवतो. संशयाचा फायदा आरोपीला मिळावा हे न्यायाचे तत्त्व आहे; त्या फायद्यावर गृहखाते सांभाळावे हे कोणत्या शास्त्रात आहे?

इथवर माझ्याशी सहमत होणारे बरेच जण पुढे राजीनाम्यापाशी थांबतात. त्यांच्याशीही माझे जमत नाही. २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, राज्याचे गृहमंत्री आर. आर. ऊर्फ आबा पाटील आणि मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांनी थोड्याच दिवसांत पदे सोडली. आबा गेले ते मोठ्या शहरांत असे छोटे हादसे होतात, या आपल्या हिंदी वाक्याने. हल्ला परकीयांचा होता, आणि तिघांपैकी एकानेही तो घडवलेला नव्हता. तरी जबाबदारी घेतली गेली, हे पूर्वपक्षाने ध्यानात घ्यावे. पण वर्षाच्या आत आबा त्याच खात्याच्या त्याच खुर्चीत परत होते. राजीनाम्याने हिशेब मिटला असे सर्वांनी धरले. बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या ९ डिसेंबर २०२४ला झाली. जवळच्या सहकाऱ्यावर आरोपपत्र आलेले मंत्री गेले ४ मार्च २०२५ला, हत्येची छायाचित्रे घराघरांत पोचल्यावर. बीडमध्ये बदल्या कोण करवत होते, वाळू आणि राखेचा पैसा कुठे जात होता, या प्रश्नांना त्या एका कागदाने काय उत्तर मिळाले?

राजीनाम्याहूनही वाईट म्हणजे बळी देऊन मोकळे होणे. ते आपल्याला फार जुन्या काळापासून येते. पुण्याचा कोतवाल घाशीराम १७७७पासून चौदा वर्षे शहरावर बसला होता. दंडाची वसुली सरकारजमा होत होती तोवर कुणाची हरकत नव्हती. ऑगस्ट १७९१मध्ये त्याच्या कोठडीत कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, जमाव उठला आणि नाना फडणविसांनी घाशीरामाला जमावाच्या स्वाधीन केले. ३१ ऑगस्टला लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. विजय तेंडुलकरांनी १९७२मध्ये यावर नाटक लिहिले तेव्हा नानांच्या बदनामीबद्दल जो गदारोळ झाला त्यात हा साधा प्रश्न बुडाला, की ज्याने नेमले आणि चौदा वर्षे ठेवले त्याचे काय? ठाण्याचा निरीक्षक निलंबित झाला की सरकार सुटकेचा श्वास टाकते, ते याच रिवाजाने.

हल्ली या रिवाजाला नवी फळे आली आहेत. गुजरातेत आरोपीला दोरीने बांधून, हात जोडायला लावून त्याच्याच मोहल्ल्यातून पोलीस फिरवतात. त्याला वरघोडो म्हणतात आणि लोक गॅलरीतून चित्रफिती काढतात. बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरील अत्याचाराचा आरोपी २३ सप्टेंबर २०२४ला पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला, तेव्हा मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक लागले, त्यांवर नेत्याच्या हातात बंदूक. हीच ती खमकी सत्ता, ज्यामुळे मुलगी रात्री सुखरूप घरी येते असे सांगतात. मला त्यात उलटे दिसते. शाळेने तक्रार का दडपली, ठाण्यात फिर्याद घ्यायला आईबापांना तासन्‌तास का बसवले, हे प्रश्न विचारायची जागा तो मेलेला आरोपी घेऊन गेला. खटला चालला असता तर ते सगळे साक्षीपुराव्यात आले असते.

राहिला मतदार. डिसेंबर २००२मध्ये गुजरातच्या मतदारांनी सत्ताधारी पक्षाला १८२पैकी १२७ जागा दिल्या. ऑक्टोबर २००९मध्ये महाराष्ट्राच्या मतदारांनी मुंबईवरील हल्ल्याच्या वेळी सत्तेत असलेली आघाडीच पुन्हा निवडून दिली. लोकांनी माफ केले, आता तुम्ही कोण? युक्तिवाद जबरदस्त आहे, आणि कोणी विचारले तर त्याला उत्तर नाही असेच बहुतेकांना वाटते. पण निवाड्याला आधी कागदपत्रे समोर यावी लागतात. मुंबई हल्ल्याच्या वेळी पोलीस यंत्रणा कुठे कोलमडली हे पाहणाऱ्या राम प्रधान समितीचा अहवाल विधिमंडळापुढे आला तो डिसेंबर २००९मध्ये, मतमोजणी होऊन सुमारे दोन महिन्यांनी. आणि बडोद्यात १२ डिसेंबर २००२ला लोक मतदानाच्या रांगेत उभे होते त्या दिवशी बेस्ट बेकरी खटल्यातला एकही साक्षीदार अजून पिंजऱ्यात उभा राहिलेला नव्हता. सरकार कोणता वकील देणार, साक्षीदारांचे काय करणार, अपील कसे लिहिणार, यांतले काहीच घडलेले नव्हते. जे घडलेच नव्हते त्याची माफी मतदाराने कशी दिली असेल?